गेटवेमागचा पौर्णिमेचा चंद्र फोटोत दरवेळी का फसतो?

पौर्णिमेच्या संध्याकाळी गेटवे ऑफ इंडियापाशी कॅमेरा घेऊन उभी राहणारी मंडळी साधारण तीनच तक्रारी घेऊन घरी परततात. चंद्र दिसला तोवर आकाश काळं झालं होतं. चंद्र कमानीच्या भलत्याच बाजूला निघाला. किंवा सगळं जुळलं, पण फोटोत चंद्र म्हणजे नुसता पांढरा ठिपका. तिन्हींवर उपाय शोधला जातो तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये. खरं तर पहिल्या दोन तक्रारींचा कॅमेऱ्याशी काहीच संबंध नाही आणि तिसरीचाही अर्धाच आहे. म्हणून इथे आधी जागा, मग तारीख, मग दिशा आणि अंतर घेतलं आहे, सेटिंग त्यानंतर.

मुळात त्या जागेवरून हा फोटो शक्य आहे का?

आपली किनारपट्टी पश्चिमेची. चंद्र पूर्वेला उगवतो, म्हणजे कोकणात संध्याकाळी तो जमिनीवरून, डोंगर-माडांच्या मागून वर येतो. मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग, अलिबागहून कुलाबा किल्ला, राजपुरीहून जंजिरा हे सगळे पश्चिमेकडे दिसतात. तिथे संध्याकाळी कितीही वाट पाहिली तरी पौर्णिमेचा चंद्र किल्ल्यामागून येणार नाही, तुमच्या पाठीमागून येईल. या किल्ल्यांसाठी चंद्रास्त हवा आणि तो पहाटे असतो. त्याचं शेवटी पाहू.

संध्याकाळच्या चंद्रोदयासाठी वास्तूच्या पूर्वेला मोकळं क्षितिज लागतं आणि तुम्हाला तिच्या पश्चिमेला उभं राहायला जागा लागते. मुंबई बंदराची बाजू पूर्वेकडे तोंड करून आहे, म्हणून गेटवेपाशी हे जमतं. शिवडीच्या बाजूने दिसणारा अटल सेतूही याच कारणाने जमतो.

उलट एक नेहमीचा फसवा बेत म्हणजे मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कातून नरिमन पॉइंटवर चंद्र उगवताना टिपायचा. दृश्य सुरेख आहे, पण तिथून नरिमन पॉइंटचं टोक उत्तरेपासून मोजल्यास १५० अंशांच्याही पुढे, जवळजवळ दक्षिणेला येतं. मुंबईतून चंद्र १२० अंशांच्या फारसा पलीकडे कधीच उगवत नाही. तो फोटो कुठल्याच महिन्यात होणार नाही.

तक्रार १: चंद्र वर येईपर्यंत अंधार पडतो

कारण जवळजवळ नेहमी एकच: दिवस चुकला. दिनदर्शिकेत ज्या तारखेवर ‘पौर्णिमा’ छापलेलं असतं ती सहसा सूर्योदयाची तिथी असते. फोटोसाठी तिचा उपयोग थोडा. तुम्हाला हवी आहे ती पौर्णिमा समाप्तीची वेळ, कारण चंद्र सूर्याच्या बरोबर समोर येतो तो क्षण म्हणजेच पौर्णिमा तिथीचा शेवट.

चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे जातो, म्हणजे तासाला सुमारे २ मिनिटं. यावरून कागदावर हिशेब होतो. समाप्ती सूर्यास्तानंतर जितके तास असेल, त्याच्या दुप्पट मिनिटं चंद्र सूर्यास्ताच्या आधी उगवेल. समाप्ती सूर्यास्ताच्या आधी होऊन गेली असेल, तर तितकीच मिनिटं तो सूर्यास्तानंतर येईल. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपासून ५ अंशांपर्यंत वर-खाली असते. पण दिवस निवडायला हा हिशेब पुरतो. नेमकी वेळ नंतर फोटोपिल्स किंवा स्टेलॅरियम या ॲपवर पाहून घ्यावी.

उदाहरण घ्या. ७ ऑक्टोबर २०२५ ला पौर्णिमा सकाळी सव्वानऊच्या सुमारास संपली. दिनदर्शिका पाहून ७ ला संध्याकाळी गेलेल्यांना चंद्र सूर्यास्त होऊन गेल्यावर मिळाला. ६ ला, म्हणजे कोजागरीच्या संध्याकाळी, तो सूर्यास्ताच्या साधारण अर्धा तास आधीच वर आला होता आणि उजेड असतानाच कमानीच्या उंचीवर होता. गेटवेसाठी दिवस ६ चाच होता.

‘गेटवेसाठी’ असं मुद्दाम म्हटलं आहे, कारण वास्तू किती जवळ आहे त्यावर दिवस बदलतो. लांबच्या वास्तूमागे चंद्र क्षितिजालगतच हवा असतो, म्हणून चंद्रोदय सूर्यास्ताच्या आसपासचाच बरा. गेटवे मात्र २६ मीटर उंच आहे आणि समोरच्या मोकळ्या जागेत फार तर शंभर-दीडशे मीटर मागे सरकता येतं. उंचीला अंतराने भागून ५७ ने गुणलं की वास्तू किती अंश भरते ते कळतं. १५० मीटरवरून गेटवे जवळपास १० अंश भरतो. चंद्राला १ अंश चढायला आपल्याकडे साडेचार मिनिटं लागतात. म्हणजे क्षितिजापासून माथ्यापर्यंत यायला त्याला पाऊण तास हवा. कमानीच्या आत चंद्र हवा असेल तर सूर्यास्ताच्या १० ते ३० मिनिटं आधी उगवणारा दिवस निवडा. घुमटाच्या वर हवा असेल तर त्याहूनही आधी उगवणारा, म्हणजे बहुतेक वेळा चतुर्दशीची संध्याकाळ. चतुर्दशीचा चंद्र किंचित अपुरा असतो, पण फोटोत ते कुणाच्या लक्षात येत नाही. काळं आकाश मात्र लगेच डोळ्यांत भरतं.

तक्रार २: चंद्र कमानीच्या बाजूला उगवतो

पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, म्हणून हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलला की चंद्र ईशान्येकडे उगवतो आणि उन्हाळ्यात उलट. मुंबईच्या अक्षांशावर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेले ढोबळ आकडे असे:

दत्तजयंती: ६० ते ७० अंश
त्रिपुरी पौर्णिमा: ६५ ते ७५
कोजागरी: ७५ ते ८५
होळी: ८० ते ९५
हनुमान जयंती: ९५ ते १०५
बुद्ध पौर्णिमा: १०५ ते ११५
वटपौर्णिमा: ११० ते १२०

दरवर्षी त्याच सणाला आकडा थोडा इकडेतिकडे होतो. चंद्रोदयाची उत्तर-दक्षिण टोकं १८.६ वर्षांच्या चक्राने रुंदावतात आणि आक्रसतात. २०२४-२५ च्या सुमारास ती सर्वांत रुंद होती.

आता गुगल अर्थवर तुमच्या उभं राहण्याच्या जागेपासून कमानीच्या मध्यातून आरपार रेघ ओढा आणि तिचा अंश वाचा. तो वरच्या ज्या पौर्णिमेशी जुळेल, ती तुमची पौर्णिमा. जागेवर गेल्यावर होकायंत्रावर विसंबू नका. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत १ अंशाचाही फरक नाही, तो प्रश्न नाही. पण आजूबाजूला लोखंडी बॅरिकेड असतात आणि फोनची सुई त्यांच्याजवळ सहज भरकटते.

यातली सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट म्हणजे चंद्र सरळ वर चढत नाही. आपल्या अक्षांशावर तो उजवीकडे झुकत चढतो: दर १ अंश उंचीमागे सुमारे एक तृतीयांश अंश उजवीकडे. उगवतानाचा अंश बघून तुम्ही कमानीच्या मध्यावर रेघ धरली असेल, तर ४ अंश वर येईपर्यंत चंद्र सव्वा अंशाहून जास्त, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या अडीचपट, उजवीकडे सरकलेला असतो. ॲपमध्ये चंद्रोदयाची दिशा बघू नका. ज्या उंचीवर तो हवा आहे त्या क्षणाची दिशा बघा.

चंद्र जरासा चुकला तर जागेवरच दुरुस्ती होते. अंतराला ११० ने भागा. तितके मीटर बाजूला सरकलात की चंद्र स्वतःच्या रुंदीइतका हलतो. गेटवेपासून १५० मीटरवर हे जेमतेम १.४ मीटर होतं. चंद्र उजवीकडे गेला असेल तर तुम्ही डावीकडे सरका. म्हणून गर्दीत एका जागी अडकून न पडता दोन्ही बाजूंना चार-पाच पावलं मोकळी राहतील अशी जागा धरावी. एक किलोमीटर लांबच्या वास्तूला हेच सरकणं ९ मीटर होतं. तिथे जागा आधीच नीट हेरलेली बरी.

मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास चंद्रोदयाची जागा रोज ५-६ अंशांनी बदलते, डिसेंबर आणि जूनमध्ये फारच कमी. होळीच्या दिवशी ढग आले म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलात तर चंद्र कमानीबाहेर असेल. दत्तजयंतीला एका दिवसाने चालून जातं, फक्त उजेड कमी मिळतो.

वेळ झाली तरी चंद्र दिसतच नाही

ॲपमधली चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिज गृहीत धरते. गेटवेसमोर क्षितिज सपाट नाही. ६६ अंशांच्या आसपास, सुमारे ११ किलोमीटरवर घारापुरी बेट आहे. त्याच्या टेकड्या १५० मीटरच्या आसपास उंच, म्हणजे पाऊण अंश. नेमका हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र त्याच बाजूने येतो, त्यामुळे तो तीन-चार मिनिटं उशिरा दिसतो. दक्षिणेकडे उरणच्या टेकड्या तेच काम करतात.

त्याहून मोठा अडथळा धुरक्याचा. डिसेंबर ते फेब्रुवारी बंदरावर धुरकं इतकं दाट बसतं की चंद्र २-३ अंश वर आल्याशिवाय दिसतच नाही, म्हणजे १०-१५ मिनिटं गेली. यावर खात्रीची चाचणी एकच: आदल्या संध्याकाळी सूर्यास्ताला घारापुरीची कड पाहा. ती स्वच्छ, धारदार दिसली तर चंद्र अंशाभरातच दिसेल. बेट नुसतं करडं सावट वाटलं तर बेत ३ अंशांपासून पुढचा आखा आणि चंद्रोदय सूर्यास्ताच्या निदान २० मिनिटं आधी असेल असा दिवस घ्या. मुंबईत हवा आणि दिशा दोन्हींचा विचार केला तर पाऊस ओसरल्यावरची कोजागरी सर्वांत भरवशाची. वटपौर्णिमेला दिशा जुळत असली तरी पावसाळी ढगांमुळे तिच्यावर बेत उभा करू नये.

चंद्र फारच छोटा येतो

क्षितिजावरचा चंद्र डोळ्यांना मोठा भासतो. कॅमेऱ्याला तो अर्ध्या अंशाचाच दिसतो. सेन्सरवर त्याचा व्यास म्हणजे फोकल लेंथ (लेन्सवर लिहिलेले मिमी) भागिले ११०. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिमीने तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान, २०० मिमीने १.८ आणि ४०० मिमीने ३.६ मिलिमीटर. फ्रेमची उंची २४ मिलिमीटर असते हे लक्षात घेतलं की ठिपका का येतो ते उघड होतं.

पण लेन्स बदलून वास्तूच्या तुलनेत चंद्र मोठा होत नाही. दोन्ही सारख्याच प्रमाणात वाढतात. ते प्रमाण फक्त अंतराने बदलतं. १ किलोमीटरवरच्या वास्तूवर चंद्र ९ मीटरचा वाटतो, २ किलोमीटरवर १८ मीटरचा. गेटवेइतका, म्हणजे २६ मीटरचा चंद्र हवा असेल तर वास्तूपासून जवळपास २९०० मीटर मागे, पश्चिमेला जावं लागेल. तिथे मध्ये अख्खं कुलाबा-फोर्ट उभं आहे. तेव्हा गेटवेमागे प्रचंड चंद्र असलेला एखादा फोटो दिसला तर तो जोडकाम आहे असं समजा आणि त्याच्याशी स्वतःच्या फोटोची तुलना करून नाउमेद होऊ नका. गेटवेपाशी खरा, प्रामाणिक फोटो आहे तो कमानीत बसलेल्या लहान चंद्राचा. त्यासाठी १५० मीटरवरून पूर्ण वास्तू घ्यायला ७० ते १०० मिमी, फक्त कमान आणि चंद्र घ्यायला १३५ ते २०० मिमी पुरे.

तक्रार ३: चंद्र पांढरा गोळा, किंवा वास्तू काळी

चंद्रावर ऊन पडलेलं असतं. तो डोक्यावर असताना दुपारच्या दगडासारखा उजळ असतो; क्षितिजाजवळ हवेच्या जाड थरातून येताना त्याचा प्रकाश दोन ते चार स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी होतो, आणि हेच आपल्या पथ्यावर पडतं. सूर्यास्तापासून पुढची १५ मिनिटं चंद्र आणि दगड यांच्या उजेडातलं अंतर इतकं कमी असतं की एका फ्रेममध्ये दोन्ही बसतात. २५ मिनिटांनंतर ते बसत नाहीत, मग कॅमेरा कितीही महाग असो.

सुरुवातीचे आकडे असे धरा आणि हवेनुसार बदला. सूर्यास्ताला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), शटर १/१२५ सेकंद. दहा मिनिटांनी आयएसओ ४००, एफ/८, १/६०. वीस मिनिटांनी आयएसओ ८००, एफ/८, १/३०. मॅन्युअल मोडच ठेवा. ऑटोमध्ये कॅमेरा पूर्ण दृश्याचं मोजमाप करतो. चंद्र त्यात नगण्य, म्हणून तो हमखास जळतो.

हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, इथे फसवतो, कारण चंद्राचे पिक्सेल इतके थोडे असतात की उजव्या कडेला रेघही दिसत नाही. हायलाइटची लुकलुक (जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय) चालू करा आणि चंद्रावर झूम करून पाहा. नारिंगी चंद्राचा लाल चॅनल आधी भरतो आणि लुकलुक गप्प राहते, म्हणून लुकलुक थांबल्यावरही अर्धा स्टॉप खाली या. सावल्या रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून तीन स्टॉपपर्यंत उचलता येतात. जळलेला चंद्र परत येत नाही.

गेटवेवर दिवे लागले की मदतच होते: दगड उजळतो, चंद्राशी अंतर घटतं आणि वापरता येणारी वेळ थोडी लांबते. फक्त रंगांकडे लक्ष द्या. पिवळसर बेसाल्ट, पिवळा उजेड आणि नारिंगी चंद्र मिळून ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो आणि चंद्र निस्तेज पांढरा करतो. ५००० ते ५५०० केल्विनवर तो पक्का ठेवा.

उशीर झालाच तर ट्रायपॉड न हलवता, झूम न बदलता, मिनिटाभराच्या आत दोन फ्रेम घ्या: एक चंद्रासाठी, एक वास्तूसाठी. चंद्र जिथे होता तिथेच आणि तेवढाच ठेवून त्या जोडणं योग्य आहे. ४०० मिमीने घेतलेला चंद्र १०० मिमीच्या फ्रेममध्ये चिकटवणं ही निराळी गोष्ट आहे. तसं केलं तर फोटोखाली लिहावं.

चंद्र मऊ, अस्पष्ट येतो

आधी शटर तपासा. १०० भागिले फोकल लेंथ इतक्या सेकंदांपेक्षा शटर हळू नको: २०० मिमीला १/२, ४०० मिमीला १/४. त्यापुढे चंद्राची स्वतःची गती दिसते. ही मर्यादा फक्त चंद्राची. हातात कॅमेरा असेल तर हात हलण्याचा हिशेब वेगळा. गेटवेच्या परिसरात बंदोबस्त असतो आणि ट्रायपॉड लावू देतीलच असं नाही. ट्रायपॉडसाठी परवानगी आधी विचारून ठेवा. तो नसला तर स्थिरीकरण चालू, आयएसओ एक-दोन स्टॉप वर आणि शटर निदान १/१२५. ट्रायपॉड असला तर स्थिरीकरण बंद, २ सेकंदांचा टायमर. तरंगत्या धक्क्यावर किंवा लाँचमध्ये ट्रायपॉडचा उपयोग शून्य.

फोकस चंद्रावर नको, दगडी कडेवर करा आणि मग मॅन्युअलवर टाका. २०० मिमी, एफ/८ ला १७० मीटरच्या आसपास फोकस असला की चंद्रही पुरेसा स्पष्ट येतो. इतकं करूनही चंद्राची कड लाटांसारखी थरथरत असेल तर तो पाण्यावरच्या तापलेल्या हवेचा परिणाम आहे. दहा-पंधरा फ्रेम सलग घ्या, त्यांतल्या एक-दोन स्थिर निघतात.

चंद्र खालून चपटा दिसला तर लेन्स बिघडलेली नाही. क्षितिजाजवळ वातावरण खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलतं. हिरवट दुसरा चंद्र दिसला तर पुढचा यूव्ही फिल्टर काढा.

फोनवर: मुख्य लेन्स सोडा, ३ किंवा ५ पटीची वेगळी टेली लेन्स असेल तीच वापरा. चंद्रावर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा, खाली ओढा. चंद्र ओळखून त्यावर तपशील रंगवणारी सोय बंद करा.

किल्ल्यांसाठी: पहाटेचा चंद्रास्त

कुलाबा, जंजिरा, सिंधुदुर्ग यांना वरचं सगळं गणित लागू आहे, फक्त आरशातल्यासारखं उलटं. मावळतीचा अंश म्हणजे ३६० वजा उगवतीचा, त्याच रात्रीपुरता. दत्तजयंतीला चंद्र २९० ते ३०० अंशांत मावळेल, बुद्ध पौर्णिमेला २४५ ते २५५ मध्ये. उतरतानाही तो उजवीकडेच झुकतो. पौर्णिमा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत कधीही संपत असेल तर त्यानंतरची लगेचची सकाळ तुमची: चंद्र सूर्योदयानंतर २५ मिनिटांच्या आत मावळतो आणि सूर्योदयाआधीच्या पंधरा मिनिटांत तो किल्ल्याच्या तटाजवळ उतरलेला असतो. धुरकं असेल तर तो मावळण्याआधीच विरघळतो, म्हणून शेवटच्या २ अंशांवर भिस्त ठेवू नका.

पौर्णिमेला मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या पुढेमागे असते, म्हणून सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी बरंच मागे गेलेलं असतं. अलिबागला ओल्या वाळूत चंद्राचं सुंदर प्रतिबिंब मिळतं. फ्रेम कमरेऐवजी घोट्याच्या उंचीवरून घ्या, म्हणजे ओली पट्टी लांब दिसते. चांगल्या जागेच्या नादात किल्ल्याच्या दिशेने वाळूत पुढे जात असाल तर त्या दिवसाच्या ओहोटीची नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात आधी पाहा आणि ती गाठली की परत फिरा. पौर्णिमेचं पाणी उधाणाचं असतं; इतर दिवसांपेक्षा ते जास्त चढतं आणि वेगाने येतं.